अपघाताची नुकसानभरपाई मागताय? मग या चुका टाळा

"चूक त्याचीच होती, सगळ्यांनी पाहिलंय." अपघातानंतर वकिलाकडे आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं, आणि ते खरंही असतं. अडचण पुढच्या प्रश्नाला येते. तुमचं नेमकं काय गेलं, आणि ते त्या चुकीमुळेच गेलं हे कशावरून? इथे भल्याभल्यांची बोलती बंद होते.

निष्काळजीपणाच्या दाव्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, त्याने ती घेतली नाही, आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं. पहिल्या दोन गोष्टींवर लोक तासभर बोलतात. तिसरीचा कागद मात्र हाताशी नसतो. मुंबईत ही कामं करताना कष्टकरी घरांचा हक्काचा पैसा केवळ यामुळे हातून जाताना बघितला की जीव तुटतो. म्हणून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे सविस्तर लिहिते आहे.

चूक झाली म्हणजे पैसे मिळणारच, हा समज

एलबीएस मार्गावर उलट्या दिशेने आलेल्या टेम्पोने तुमच्या स्कूटरपाशी येऊन करकचून ब्रेक मारला. हातपाय लटपटले, पण तुम्हाला लागलं नाही आणि स्कूटरवर ओरखडाही नाही. पोलीस टेम्पोवाल्यावर कारवाई करू शकतात. तुम्हाला मात्र भरपाई मिळत नाही, कारण नुकसानच झालेलं नाही. भरपाई ही समोरच्याला शिक्षा म्हणून नसते. अपघात झाला नसता तर तुम्ही जिथे असता, तिथवर पैशाने जमेल तेवढं नेऊन पोहोचवणं हा तिचा हेतू आहे.

मग नुकसानीत काय धरतात? मृत्यू, शरीराला झालेली इजा, मोडलेली वस्तू, औषधपाण्याचा खर्च, बुडालेला पगार, कमी झालेली कमावण्याची ताकद. वेदना आणि आयुष्यातला हिरावलेला आनंद यांचेही पैसे मिळतात, पण ते इजेच्या जोडीने. मनाला बसलेला धक्का डॉक्टरांनी निदान केलेल्या आजारापर्यंत गेला असेल, तर त्याचा विचार होतो. "फार मनस्ताप झाला हो" एवढ्यावर अशा दाव्यात काही हाती लागत नाही.

दुकानदारांची इथे मोठी फसगत होते. समजा दादरला रस्ता खोदताना कंत्राटदाराने विजेची केबल तोडली आणि तुमचं आइस्क्रीमचं दुकान संध्याकाळभर अंधारात राहिलं. वितळलेला माल हे नुकसान आहे. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून बुडालेला धंदा मात्र या कायद्यात सहसा धरत नाहीत. याचा गाजलेला निकाल इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पोलाद कारखान्याचा, १९७२ सालचा. केबल तुटली तेव्हा भट्टीत असलेला माल खराब झाला, त्याचे ३६८ पौंड आणि त्याच मालावरच्या नफ्याचे ४०० पौंड कोर्टाने दिले. वीज नसल्यामुळे पुढच्या चार खेपा निघाल्याच नाहीत, त्यांचे १,७६७ पौंड नाकारले. असे इंग्लिश निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण वाट दाखवायला घेतले जातात. दाव्यात सगळा धंदा जोडून आकडा फुगवला, तर खऱ्या नुकसानीकडेही कोर्ट संशयाने बघायला लागतं.

चूक इथे, नुकसान तिथे, मधला दुवा नाही

रुग्ण दगावला की घरच्यांना हॉस्पिटलचा हलगर्जीपणा दिसतो. तो असेलही. पण वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कायदा मानत नाही. आणि निष्काळजीपणा झाला, तरी मृत्यू त्यामुळेच झाला हे वेगळं दाखवावं लागतं. १९६०च्या दशकात लंडनमध्ये एका रात्रपाळीच्या वॉचमनला चहा प्यायल्यावर उलट्या सुरू झाल्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने न तपासताच त्याला घरी पाठवलं आणि तो गेला. चहात आर्सेनिक होतं. डॉक्टरची चूक कोर्टाने मान्य केली, तरीही दावा फेटाळला, कारण वेळेत तपासलं असतं तरी तो वाचला नसता असं पुराव्यातून दिसलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर रत्नागिरीतल्या पालशेतचं. १९५३ साली तिथे अपघातात एका तरुणाचा पाय मोडला. त्याला पुण्याच्या एका सर्जनकडे आणलं. नीट भूल न देता जोर लावून हाड बसवलं, आणि मुलगा गेला. वडील लढत राहिले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची नोंद झाली ती डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगणारी: रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणते उपचार द्यावेत आणि ते कसे द्यावेत, या तिन्ही टप्प्यांवर योग्य काळजी हवी. वडिलांना मिळालेली रक्कम होती ३,००० रुपये. तो दावा टिकला, कारण भूल, जोर आणि मृत्यू यांचा धागा पुराव्यात जुळला होता.

म्हणून हॉस्पिटलबद्दल तक्रार असेल तर भांडणात वेळ न घालवता आधी कागद मागा: केस पेपर, नर्सिंगच्या नोंदी, भुलीचा तक्ता, रिपोर्ट. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. मग त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, तिथली तक्रार आयोगात चालत नाही, आणि केस पेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणून कुणी ग्राहक होत नाही. मात्र ज्या हॉस्पिटलात काहींकडून पैसे घेतात आणि काहींवर मोफत उपचार करतात, तिथला मोफत रुग्णसुद्धा आयोगात जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केलंय.

याची दुसरी बाजूही माहीत हवी. विमा कंपनीचा वकील म्हणतो, "यांना आधीपासून मधुमेह होता, म्हणून जखम चिघळली." घाबरू नका. माणूस जसा असेल तसा पदरात घ्यावा लागतो. धडक दिली नसती तर जखमच झाली नसती, मग ती चिघळण्याचा प्रश्नही आला नसता. पण आधीचा आजार लपवू नका. जुनी फाइल समोर आली की अशी लपवाछपवी दाव्याला फार महागात पडते.

उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून हात वर करणं

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

रस्ता अपघातात मृत्यू झाला तर भरपाई कशी काढायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी या निकालांत ठरवून दिलंय. समजा कांदिवलीतला ३४ वर्षांचा प्लंबर गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. तो महिन्याला २०,००० कमवत होता. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २८,०००. घरात अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १६, म्हणजे ४०,३२,०००. शिवाय अंत्यविधी, मालमत्तेचं नुकसान आणि सहवास गमावल्याची रक्कम वेगळी. ही सहवासाची रक्कम २०१७ मध्ये ४०,००० होती आणि तिच्यात दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ धरायची आहे. २०१८च्या एका निकालानंतर ती पत्नीपुरती राहिली नाही, मुलांना आणि आईवडिलांनाही मागता येते. ती मागायला अनेक जण विसरतात.

आता तोच प्लंबर, तीच माणसं, पण उत्पन्नाचा कागद नाही. ट्रिब्युनलने, म्हणजे मोटार अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, अंदाजाने महिना १२,००० धरले, तर त्याच गणिताने आकडा येतो २४,१९,२००. सोळा लाखांहून जास्त रक्कम गेली ती एका कागदाअभावी.

सॅलरी स्लिप नाही म्हणजे पुरावा नाही, असं मुळीच नाही. गूगल पे आणि फोनपेचे व्यवहार, पासबुकातल्या जमा, हार्डवेअरच्या दुकानाची बिलं, कामं लिहून ठेवलेली वही, मुलांच्या शाळेची फी भरल्याच्या पावत्या, भिशीची नोंद हे सगळं उपयोगी पडतं. ज्या सोसायट्यांत तो काम करायचा तिथल्या सेक्रेटरीचं पत्र घ्या. पण नुसतं पत्र देऊन भागत नाही, तो माणूस साक्षीला यायला तयार आहे का ते आधीच विचारून ठेवा. गेलेल्या माणसाचं सिमकार्ड आणि बँकेचं ॲप घाईघाईने बंद करू नका. आधी व्यवहारांचे उतारे काढा.

घर सांभाळणारी बाई गेली की घरचेच म्हणतात, "ती काही कमवत नव्हती." हे वाक्य दाव्यात कधीही लिहू नका. पहाटे पाण्यासाठी उठण्यापासून सासूच्या औषधांपर्यंत तिने केलेल्या कामाचं मोल कोर्ट धरतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि २०१० मध्ये हे सांगितलं आणि २०२१ मध्ये आणखी ठामपणे मांडलं: गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरायचं आणि त्यात पुढची वाढसुद्धा मिळवायची.

जखमी असाल तर रोजचा खर्च जपा. मेडिकल दुकानातली बिलं बहुतेक थर्मल कागदावर छापलेली असतात. काही महिन्यांत त्यांवरची अक्षरं उडतात आणि साक्षीच्या वेळी हातात कोरी पट्टी उरते. प्रत्येक बिलाची त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा, मूळ बिल तिला टाचा आणि मागे डॉक्टरची चिठ्ठी लावा. चिठ्ठीशिवाय असलेल्या बिलावर उलटतपासणीत हमखास बोट ठेवलं जातं. ड्रेसिंगला जाताना केलेली टॅक्सी, सोबतीला ठेवलेली मावशी, घरच्यांनी घेतलेली बिनपगारी रजा हेही मागता येतं. फक्त ते त्याच वेळी लिहून ठेवलेलं हवं.

अपंगत्वाचे टक्के म्हणजेच नुकसान असं धरणं

सर्टिफिकेटवर ४० टक्के लिहिलंय, म्हणून कमाईही ४० टक्के घटली, हे गणित चुकीचं आहे. ते चाळीस टक्के एका पायाचे की सगळ्या शरीराचे, हे आधी बघा. मग त्या माणसाचं काम बघा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात कोर्टानेच उदाहरण दिलंय: डावा हात गमावलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडू शकते. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकूही शकते. तुमच्या दाव्यात मोडलेल्या हाडाइतकंच त्या हाताने तुम्ही रोज काय करत होता हे आलं पाहिजे. परातीवर वाकणारा गवंडी, मशीनवर बसणारी शिवणकाम करणारी बाई, शिडीवर चढणारा वायरमन: प्रत्येकाचं थांबलेलं काम स्पष्ट शब्दांत लिहा आणि सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवा.

उपचार अर्धवट सोडू नका. फिजिओथेरपीला गेलाच नाहीत आणि खांदा आखडला, तर "नुकसान याने स्वतःच वाढवलं" असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. आपलं नुकसान शक्य तेवढं आटोक्यात ठेवणं हे जखमी माणसाचंही काम आहे.

आणि हेल्मेट नव्हतं, बाइकवर तिघं होते, म्हणून घरीच बसू नका. अशा नियमभंगाने भरपाई आपोआप कापली जात नाही. त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तिघं बसलेल्या बाइकच्या प्रकरणात हेच सांगितलं.

खड्डा, मॅनहोल, झाड: पालिकेला कसंही गाठता येईल असं वाटणं

मुंबई महानगरपालिका कायदा १८८८चा आहे आणि त्याच्या कलम ५२७ने कितीतरी दावे बुडवले आहेत. पालिकेवर दिवाणी दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. लोक वॉर्ड ऑफिसला चकरा मारतात, नगरसेवकाचं पत्र आणतात, "साहेब बघतो म्हणाले" यावर थांबतात. या चकरांनी मुदत थांबत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला, ते मुंबई विसरलेली नाही. तेव्हापासून हा प्रश्न उच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना इजेप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख रुपये द्यावेत. ही रक्कम ठरवायला आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. हा दिलासा फार मोठा आहे. पण तिथेही तुम्ही त्याच खड्ड्यात पडलात हे दाखवावं लागणारच. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पेव्हर ब्लॉक टाकून ठेवलेले असतात. म्हणून पडल्यावर लगेच कुणाकडून तरी फोटो काढून घ्या. त्यात खड्डा, गाडी आणि मागची दुकानाची पाटी एकत्र आली पाहिजे. हॉस्पिटलात "गाडीवरून पडलो" एवढंच सांगू नका. "अमुक रस्त्यावर खड्ड्यात चाक जाऊन पडलो" असं सांगा आणि केस पेपरवर तसंच लिहिलंय ना ते तिथल्या तिथे वाचा. हा कागद पुढे वर्षानुवर्षं तुमच्यासोबत राहतो.

झाडाचं मात्र वेगळं. राजकोटला कामावर निघालेल्या एका कारकुनाच्या अंगावर रस्त्याकडेचं झाड पडून तो गेला. खालच्या कोर्टांनी भरपाई दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती रद्द केली. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला तेव्हा १९६६ मध्ये त्याच न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरलं होतं, कारण मनोरा पालिकेच्या ताब्यातला आणि जुनाट होता, आणि तो बिनकारण कोसळत नसतो. तुमच्या गल्लीतलं झाड पोखरलेलं आहे, अशी लेखी तक्रार आधी गेलेली असेल तर तुमचं पारडं जड होतं. सोसायटीच्या फाइलमधली ती जुनी पोचपावती शोधाच.

लोकलच्या अपघातात रेल्वेची चूक शोधत बसणं

इथे चूक दाखवायची गरजच नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ नुसार गाडीतून पडून मृत्यू झाला तर चूक कुणाचीही असो, भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ती ८ लाख आहे. चढता-उतरताना पडलेलाही यात येतो. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, नशेत केलेलं कृत्य, स्वतःचाच गुन्हा किंवा आजारपणाने आलेलं मरण हे अपवाद. रूळ ओलांडताना झालेला अपघात यात बसत नाही.

खरी लढाई होते ती तो माणूस तिकीट काढलेला प्रवासी होता की नाही यावर. रेल्वे पोलीस पंचनामा करतात तेव्हा पाकिटातला पास, त्याचं ओळखपत्र, मोबाइलमधलं तिकीट यांची नोंद झाली का ते घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाने बघावं. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप पडत नाही. २०१८च्या निकालानुसार वारसांनी प्रतिज्ञापत्रावर आवश्यक गोष्टी सांगितल्या की तो प्रवासी नव्हता हे दाखवण्याचा भार रेल्वेवर जातो. अर्जाची मुदत एक वर्ष.

मेडिक्लेम मिळाला, एलआयसी मिळाली, मग आता कशाला?

ते पैसे तुम्ही हप्ते भरून कमावलेले आहेत. आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून कापायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच ठरवलं, तेही आपल्याच एसटी महामंडळाच्या प्रकरणात. मेडिक्लेमही वजा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं.

घाईत केलेली सही

दहाव्या-बाराव्या दिवशी कुणीतरी घरी येतं. हातात पन्नास हजार आणि छापील कागद. "आता एवढे ठेवा, बाकीचं नंतर बघू." त्या कागदावर बहुधा "पूर्ण आणि अंतिम" असं लिहिलेलं असतं. वाचल्याशिवाय सही नको, आणि न वाचता येणाऱ्या आजीचा अंगठा तर अजिबात नको.

विमा कंपनीकडून अधिकृतपणे आलेला प्रस्तावही नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक दाखवल्याशिवाय मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळतात. संकटात हा आधार वाटतो. पण कलम १४९ च्या तडजोडीच्या पद्धतीने ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक दाखवून मागायचा मोठा दावा संपतो. वरच्या प्लंबरच्या घरच्यांनी पाच लाख घेतले असते तर चाळीस लाखांच्या दाव्याचा रस्ता बंद झाला असता.

१ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी कलम १६६ खालचा अर्ज सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर महिने घालवू नका. शिवाय व्याज अर्ज दाखल केल्यापासून मोजतात, त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना तसाही तुमच्याच खिशातून जातो. अपघात मुंबईत झाला आणि घरचे आता गावी असतील, तर त्यांना राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्येही अर्ज करता येतो. तारखेसाठी सावंतवाडीहून रात्रीची गाडी पकडायची गरज नाही.

लोकअदालतीत तडजोड जरूर करा, पैसे लवकर मिळतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे आपला आकडा आदल्या रात्री वरच्या पद्धतीने काढून खिशात ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायका, अनुसूचित जाती-जमातींतली माणसं, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना आधार कार्ड, एफआयआरची प्रत, स्पॉट पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि बिलांची ती टाचलेली फाइल सोबत न्या.